कौलाखालचा काजिका

१४ मार्च, गुरुवार

दोन मिळाले! बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, रबरी बूट मला दोन बोटं मोठे. आत मोजे कोंबले आणि पुलाखालच्या उथळ पाण्यात उतरले. पाणी इतकं गार की पाच मिनिटांत पायाची बोटं माझी राहिलीच नाहीत. एका हाताने काचेच्या तळाची पेटी पाण्यावर धरायची, दुसऱ्याने दगड उलटायचा, तिसऱ्याने जाळी लावायची. हा तिसरा हात बाबा इतकी वर्षं कुठून आणत होते कोण जाणे!

काजिका दगडासारखाच दिसतो. दगड हलला की समजायचं, मासा आहे.

बादली घेऊन घरी आले. बाबा नेहमीसारखे शेगडीपाशी, भिंतीकडे तोंड करून. जानेवारीत बर्फावर घसरले, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून आणून तीन आठवडे झाले. "हो", "नको", "असू दे" याखेरीज सासऱ्यांच्या तोंडून शब्द ऐकलेला नाही. सत्तर वर्षं रोज नदीवर जाणारा माणूस, आता वॉकर धरून मोरीपर्यंत जातो. नदी तिथून दिसत नाही. म्हणून हा सगळा खटाटोप.

बाबा बादलीत डोकावले. बराच वेळ. मग —

"दोनच? मीठ काढ."

"भाजायला नाही आणले, बाबा. पाळायला."

"काजिका? पाळायला?" मी मुळ्याला गळपट्टा बांधून फिरायला निघाले आहे अशा नजरेने पाहिलं.

असो. चार-पाच शब्द तरी बोलले!

१५ मार्च, शुक्रवार

शाळा बंद झाली तेव्हा विज्ञानाच्या खोलीतली काचेची टाकी कोणालाच नको होती. बावीस वर्षं तिथल्या मुलांना जेवायला घातलं, त्याची आठवण म्हणून मी उचलून आणली. आठ वर्षं लोणच्याच्या बरण्यांमागे पडून होती. आज घासली. स्वयंपाकघरात, दगडी कुंडीशेजारी ठेवली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळीने कुंडीत अखंड पडतंच, त्यातलीच एक बारीक नळी टाकीत सोडली. वरून पडतं, काठावरून सांडतं, कुंडीत जातं. यंत्र नको, पंप नको. पाणी दहा अंश.

तळाला नदीची वाळू, तीन दगड आणि छपराचं एक फुटकं कौल, पालथं. मोठा मासा तडक कौलाखाली गेला. जणू भाड्याने ठरवूनच आला होता.

१७ मार्च, रविवार

खात नाहीत. दुकानातलं कोरडं खाद्य टाकलं, तळाला जाऊन बुरशी धरली.

१९ मार्च, मंगळवार

अजून नाही. धाकट्याचं पोट आत गेलंय. उद्याही खाल्लं नाही तर परत सोडून येईन. मी काही छळायला आणले नाहीत.

२० मार्च, बुधवार

गांडुळाचे तुकडे टाकत होते. मागून आवाज —

"मेलेलं खातो का तो! हलायला पाहिजे."

बाबा! वॉकर सरकवत कधी आले, कळलंच नाही. माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा मागितला. तुकडा बांधला आणि कौलासमोर नाचवला. कसं सांगू — ते जाड, थरथरणारं बोट आणि खाली तो तुकडा जिवंत झाल्यासारखा. कौलाखालून नुसतं तोंड आलं. गपकन! दोऱ्यासकट.

"सोड रे," बाबा माशाला म्हणाले. "शिवणाचा दोरा आहे, सूनबाई ओरडेल."

मी कुंडीकडे तोंड करून भांडी घासत राहिले. घासलेलीच होती ती.

२६ मार्च, मंगळवार

नोबुओचं पत्र. माझा नवरा. लिहायला विचित्र वाटतं. अकरा वर्षं झाली त्याला नागोयाला जाऊन, तिथे त्या बाईबरोबर राहतोय. नववर्षाला फोन करतो, बाबांची विचारपूस करतो, मला म्हणतो, "तुझी तब्येत?" बस.

पाकिटात घटस्फोटाचा कागद. त्याची सही झालेली, दोन साक्षीदारांच्याही. लिहितो, "खाली शहरातल्या वृद्धाश्रमात बाबांना जागा मिळेल असं दिसतं. घर बंद करू. एवढी वर्षं तू केलंस, आता तूही मोकळी हो. एकोणसाठ म्हणजे काही फार वय नाही."

मोकळी! अकरा वर्षं मला कुणी बांधून ठेवलं होतं असं वाटलं की काय त्याला?

कागद चहाच्या खणात ठेवला. बाबांना सांगितलं नाही.

३१ मार्च, रविवार

दोन नर एका टाकीत नांदत नाहीत. थोरल्याने धाकट्याची शेपटी फाडली. धाकट्याला पुलाखाली सोडलं आणि त्याच दगडाशेजारी मादी मिळाली! गाभोळीने टम्म फुगलेली.

बाबांनी बादलीत पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "अशी भाजली ना, की..." मग थांबले. "टाक आत. बघू काय म्हणतोय तो."

आता बाबांचं स्टूल कायमचं टाकीसमोर असतं. सकाळचं मिसो सूपही तिथेच लागतं.

५ एप्रिल, शुक्रवार

वृद्धसेवेची यासुए येऊन गेली. दर महिन्याला येते, बाबांना उठवते, बसवते, वहीत लिहिते. चांगली मुलगी आहे. दारापर्यंत पोचवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं — समजा घटस्फोट झाला, तर?

ती जरा गडबडली. "मग... कायद्याने तुम्ही काकांच्या कोणीच नाही, काकू. कुठे ठेवायचं, काय करायचं, ते मुलगा ठरवेल. दवाखान्यातसुद्धा सही त्याचीच."

कोणीच नाही.

जानेवारीत दवाखान्याच्या कागदावर "नातं" म्हणून रकाना होता. मी "सून" लिहिलं होतं. पेन जरासुद्धा अडलं नव्हतं.

९ एप्रिल, मंगळवार

अंडी!! कौलाच्या आतल्या बाजूला, छताला चिकटवलेली. मोहरीहून मोठी, पिवळसर, द्राक्षांच्या घडासारखी. मादी बाहेर, पोट सपाट, काही घडलंच नाही अशी. नर आत.

बाबांना हाक मारली. गुडघ्यांवर बसता येत नाही, म्हणून स्टुलावरून वाकून, गाल काचेला टेकवून पाहत राहिले. नर दोन्ही पर पंख्यासारखे हलवत होता. अंड्यांवर पाण्याचा वारा घालत होता. थांबला की पुन्हा. थांबला की पुन्हा.

बाबांच्या श्वासाने काच धुरकटली, त्यांनी बाहीने पुसली.

"तामिए," ते म्हणाले, "किती हजार मारले असतील मी. दगड उलटला, अंडी दिसली, की समजायचं नर इथेच आहे, पळायचा नाही. सोपा मिळायचा. मी आयुष्यभर वरूनच पाहिलं गं. बाजूने कधी पाहिलंच नाही."

मी चहा ठेवला.

१० एप्रिल, बुधवार

मादीला परत नदीत सोडलं. बाबांचा हुकूम. "तिचं काम झालं. इथे राहिली तर स्वतःचीच अंडी खाईल."

१६ एप्रिल, मंगळवार

नर काही खात नाही. दोऱ्यावरचं गांडूळ नाकासमोर नाचवलं तरी वळत नाही. आज एक अंडं पांढरं पडलं होतं, ते मात्र त्याने तोडून गिळलं. बाबा म्हणाले, सडलेलं काढलं नाही तर सगळा घड जातो. हे त्यांना कसं ठाऊक? "ठाऊक नाही. अंदाज."

२४ एप्रिल, बुधवार

शेजारच्या फुकिताई तोफू घेऊन आल्या. सत्तरीच्या, पण जीभ विशीतली. टाकीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "कान्सुकेदादा, माशाने अंडी उबवायला घेतली, तुम्ही माशाला. घरात कामधंदा करणारं कोण उरलं?"

बाबा म्हणाले, "तोंड चालवणारी तू आहेस ना."

किती महिन्यांनी अशी थट्टा! फुकिताई पायवाटेपर्यंत हसत गेल्या.

३ मे, शुक्रवार

नोबुओ आला. सुट्ट्यांची गर्दी चुकवून पहाटेच निघाला होता म्हणे. केस आणखी विरळ झालेत. येताना बाबांना आवडतो तो बीनचा हलवा आणला. आल्या आल्या शिडी लावून छपराचा गळका कोपरा बघितला, दोन कौलं बदलली. तो वाईट नाही. हेच तर अवघड आहे.

जेवताना टाकीकडे पाहून म्हणाला, "खायला ठेवलाय?"

मीच म्हटलं, "अंडी राखतोय."

"अच्छा." मग भाताचा वाडगा खाली ठेवला. "बाबा, शहरात जागा मिळतेय. गरम खोली, डॉक्टर खालच्याच मजल्यावर. इथे पुन्हा पडलात तर? तामिए एकटी काय करणार?"

बाबा मासाच बघत होते.

"तुमच्या भल्याचंच सांगतोय मी. तिच्याही. किती वर्षं तिने..."

"तुला बरं आठवलं," बाबा म्हणाले. तेवढंच. सावकाश, आवाज न चढवता.

नोबुओचे कान लाल झाले. लहानपणी व्हायचे तसेच असणार, मी तेव्हा नव्हते. नंतर अंगणात भेटला. "मी राक्षस नाही गं," म्हणाला. "माहीत आहे," मी म्हटलं. "कागद?" "खणात आहे." "महिनाअखेरपर्यंत बघ. जागा फार दिवस धरून ठेवत नाहीत ते."

तो गेल्यावर कळलं, बाबांना कागदाचं आधीपासून माहीत होतं. चहाचा खण त्यांचाही आहे, हे मी विसरलेच!

"करणार का सही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हं." आणि दोऱ्याचं गांडूळ पुन्हा पाण्यात सोडलं. मासा काही वळला नाही.

७ मे, मंगळवार

अंड्यांत डोळे दिसायला लागले. प्रत्येकात दोन काळे ठिपके. सगळा घड आपल्याकडे बघतोय असं वाटतं.

१३ मे, सोमवार

झोपायच्या आधी लिहून टाकते.

काल दिवसभर पाऊस. आज सकाळी स्वयंपाकघरात आले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाज नव्हता! पस्तीस वर्षं या घरात पाण्याचा आवाज थांबलेला मी ऐकला नाही. नळी कोरडी. कुंडी ठप्प. टाकीतलं पाणी उभं, आणि नर कौलाच्या तोंडाशी येऊन कल्ले जोरजोरात हलवत होता.

बाबा म्हणाले, "वरची झऱ्याची पेटी बुजली. डोंगर सरकला असणार थोडा."

"मी जाते."

"घसरशील."

"मग तुम्ही जाता?" — तोंडातून निघून गेलं. त्यांनी काही मनावर घेतलं नाही. म्हणाले, "फावडं लहान घे. पेटीच्या डाव्या अंगाने चढ, उजवीकडची माती पोकळ आहे."

डावीकडूनच चढले. तरी दोनदा बसले चिखलात. झऱ्याच्या तोंडाची लाकडी पेटी दिसतच नव्हती, नुसती माती, पानं आणि एक आख्खं देवदाराचं रोपटं मुळासकट. उपसत गेले. आधी फावड्याने, मग हातांनी. एक बूट तिथेच गेला. किती वेळ गेला कळलं नाही. एकदम बुडबुडा आला, गढूळ पाणी, मग त्यामागून स्वच्छ. जाळी धुतली, नळीचं तोंड मोकळं केलं आणि एका बुटावर पळत सुटले.

दारात फुकिताई उभ्या. चेहरा पांढरा. "ऐकतच नाहीत गं! मी म्हटलं द्या माझ्याकडे, तर..."

आत बाबा टाकीसमोर उभे होते. उभे! वॉकर बाजूला पडलेला. डाव्या हाताने काठ धरलेला, उजव्या हातात ओगराळं. टाकीतलं पाणी भरायचं, वर उचलायचं, उंचावरून ओतायचं. भरायचं, उचलायचं, ओतायचं. पाण्यात हवा मिसळावी म्हणून. मी गेल्यापासून, दोन तास. फुकिताई म्हणाल्या, एकदाही थांबले नाहीत.

"बाबा, बसा आता. आलं पाणी."

"कुठे आलंय? मला ऐकू येत नाही."

तेवढ्यात नळीने खोकल्यासारखा आवाज केला, आणि धार लागली.

बाबांनी ओगराळं माझ्या हातात दिलं. बोटं सोडवावी लागली एकेक करून. मग आम्ही दोघींनी मिळून त्यांना बसवलं.

नर आत गेला होता. वारा घालत होता.

१५ मे, बुधवार

बाबा अंथरुणात. खुबा सुजलाय. यासुए आली, रागावली. तिने रागावणं बरोबरच आहे. "दोन तास उभे! माशासाठी! मला हे वहीत लिहावं लागेल, काकू."

संध्याकाळी नोबुओचा फोन. त्याला कळवणं तिचं कामच आहे. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तामिए, बघ. एका माशापायी त्यांचा पाय कायमचा गेला असता. आता तरी पटलं ना?"

त्यात खोटं काहीच नव्हतं.

१८ मे, शनिवार

सूज उतरली. सकाळी विचारतात, "तो खातोय का?" स्वतःचं जेवण तसंच.

२० मे, सोमवार

फुटली! सकाळी कौलाखाली वाळूवर कापलेल्या नखांएवढी पिल्लं, पोटाला पिवळी पिशवी, डोळेच डोळे. बाबांना वॉकरवर आणलं. मोजायला लागले, तेहतिसाला पिल्लं हलली, पुन्हा एकपासून. तीनदा केलं आणि वैतागून म्हणाले, "पुष्कळ आहेत!"

नर बाहेर आला होता. नुसतं डोकं उरलंय, मागे शेपटीपर्यंत काडी. दोऱ्यावरचं गांडूळ दाखवलं. झडप घातली! एकेचाळीस दिवसांनी.

बाबा बराच वेळ हसले. मग म्हणाले, "आता याला वेगळं काढ. भूक लागलीय त्याला, पोरं गिळेल."

"आत्ता तर राखत होता!"

"राखलं ते राखलं. बापाचा पुढचा भरवसा धरू नये." आणि काचेकडे बघत, माझ्याकडे नाही — "नोबुओला मी नदीवर न्यायचो. आठ-नऊ वर्षांचा असेल. एकदा त्याने भरलेली टोपली उपडी केली, सगळे काजिका सोडून दिले. जिवंत आहेत म्हणाला. मी त्याला पाण्यातच मारलं. फार मारलं. पुन्हा कधी आला नाही माझ्याबरोबर. तो गेला तो तेव्हाच गेला, तामिए. तुझ्यामुळे नाही गेला. कधी सांगितलं नाही तुला. सांगायला हवं होतं."

अकरा वर्षं!

पिल्लांना कालव्यातल्या बारीक अळ्या चाळून घातल्या.

३० मे, गुरुवार

काल नर पुलाखाली सोडला. फुकिताईंच्या नातजावयाच्या गाडीत बाबांना पुलापर्यंत नेलं. उतरले नाहीत, खिडकीची काच खाली केली फक्त. मी बादली वाकडी केली. एक क्षण दिसला, मग दगड झाला.

नोबुओने दिलेली मुदत उद्या संपते. फोन आला नाही.

१० जून, सोमवार

पिल्लं आता वाळूवर बसून शिकार करतात. सात मेली, बाकीची धडधाकट. पाणी बारा अंश.

बाबांचं आणि फुकिताईंचं काहीतरी गुफ्तगू चाललंय. मी गेले की तोफूवर बोलतात. तोफूवर इतकं काय बोलायचं असतं?

१७ जून, सोमवार

आज दुपारी बाबा म्हणाले, "खणातला कागद आण."

आणला. समोर ठेवला. त्यांनी पेन पुढे केलं.

"कर सही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"सही कर. नोबुओला मोकळा कर. पोरगा सत्तावन्नचा झाला, किती दिवस लटकत ठेवायचा त्याला."

"आणि तुम्ही?"

"माझं मी बघतो."

"वृद्धाश्रमात जाणार? मला न विचारता ठरवलंत?" आवाज चढला माझा. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर चढला. "मी कोण मग? पेटी उपसायला तेवढी? मी नाही करणार सही!"

त्यांनी पेन माझ्याकडे आणखी सरकवलं. मग — "मी आजवर तुझ्याकडे काही मागितलंय?"

नाही मागितलं. मीठसुद्धा स्वतः उठून घेत.

केली सही. नाव लिहिताना अक्षर वाकडं आलं. त्यांनी कागद फुंकून वाळवला, घडी घातली, छातीशी ठेवला. "उद्या गावकचेरीत मीही येतो."

"तुमचं काय काम तिथे?"

"आहे."

मी टाकीशी जाऊन बसले. काय वाटतंय ते लिहिता येत नाही. उद्यापासून मी कोणीच नाही.

१८ जून, मंगळवार

आधी तो कागद दिला. मग बाबांनी खिशातून दुसरा काढला — फुकिताई आणि त्यांच्या यजमानांच्या साक्षीच्या सह्या होऊन तयार! मधली पंधरा मिनिटं मी माहेरची ओगिसो तामिए होते. खिडकीतल्या मुलीने वाचलं, पुन्हा वाचलं. "दत्तक घेणारे?" बाबांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आणि दत्तक जाणारं... मूल?" बाबांनी माझ्याकडे बोट केलं. एकोणसाठाव्या वर्षी!

सही केली. अक्षर सरळ आलं. आता दवाखान्याच्या रकान्यात "मुलगी" लिहीन.

घरी येऊन नोबुओला फोन लावला, हळू आवाजात सगळं सांगितलं. तो दर वाक्याला "बरं" म्हणत गेला. बरोबर आहे — मी दोन वर्षांनी मोठी, म्हणजे आता थोरली बहीण.